मेंढरांच्या वाटेनं ग्रान सासो : इटलीच्या डोंगराळ आब्रुत्सोत पाच दिवस

रोममध्ये कोलोसियम बघून झालं, व्हॅटिकनच्या रांगेत उभं राहून झालं आणि हाताशी अजून पाच दिवस उरले, तर बहुतेक जण फ्लॉरेन्सची गाडी पकडतात. ट्रेकचा किडा असलेले डोलोमाइट्सचा विचार करतात, तिथल्या हॉटेलांचे दर बघतात आणि गप्प बसतात. तिसरी वाट रोमच्या ईशान्येला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. आब्रुत्सो प्रांत, त्यातला ग्रान सासोचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं लाक्विला शहर. अपेनाइन पर्वतरांगेतलं सर्वांत उंच शिखर, कॉर्नो ग्रांदे, इथंच आहे. उंची २,९१२ मीटर.

हा भाग रोमहून सकाळी जाऊन रात्री परत येण्याचा नाही. तसं करणारे खूप भेटतात. ते किल्ल्यावर फोटो काढतात, मांस भाजून खातात आणि निघतात. इथला डोंगर आणि इथला इतिहास एकमेकांना चिकटलेले आहेत आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे मेंढी. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर चरणारी मेंढरं सप्टेंबरच्या शेवटी खाली उतरायची, दक्षिणेला पुल्या प्रांतातल्या फोज्जाच्या मैदानात हिवाळा काढायची आणि मे महिन्यात परत वर यायची. आपल्याकडचा धनगर दिवाळीनंतर खांड घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाळ्याआधी घाटावर परततो, तोच हिशेब. फरक एवढाच की इथल्या राजांनी त्यासाठी हमरस्ते आखले होते. लाक्विला ते फोज्जा हा मेंढरांचा रस्ता २४४ किलोमीटर लांब आणि तब्बल १११ मीटर रुंद होता. १४४७ मध्ये आरागॉनच्या आल्फोन्सो राजानं या स्थलांतरावर कर बसवला आणि वसुलीसाठी स्वतंत्र खातंच उघडलं. लोकरीच्या या पैशातून गावं, बुरूज, चर्च उभी राहिली. हे डोक्यात ठेवून फिरलात तर पुढचे पाच दिवस सुट्या ठिकाणांची यादी वाटणार नाहीत.

निघण्याआधी

आधी तारखा ठरवा. चालण्यासाठी जूनचा मध्य ते सप्टेंबरअखेर हा काळ धरा. जूनच्या सुरुवातीपर्यंत शिखराकडच्या वाटांवर बर्फ राहू शकतो आणि हिवाळ्यात काम्पो इम्पेरातोरे या वरच्या पठारावरचा रस्ता बंदच असतो. माझ्या मते सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला : गर्दी ओसरलेली, हवा स्वच्छ, दुपारच्या विजांचा त्रास कमी. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र जाऊ नका. त्या दिवशी इटलीत मोठी सुट्टी असते आणि अर्धं रोम या पठारावर जेवायला येतं. ५ ऑगस्टला पठारावर मेंढ्यांचा पारंपरिक मेळा भरतो. गर्दी चालणार असेल तर तो बघण्यासारखा आहे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण पॉलिसी उघडून दोन गोष्टी वाचा : डोंगरात चालणं त्यात धरलंय का, कितव्या मीटरपर्यंत धरलंय, आणि डोंगरातून सोडवून आणण्याचा खर्च मिळतो का. स्वस्त पॉलिसीत ‘साहसी खेळ’ या एका शब्दाखाली सगळं वगळलेलं असतं.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर भारतातच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. मूळ लायसन्ससोबत तो लागतो. इटलीत उजव्या बाजूनं चालवायचं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी डाव्या हातानं गिअर शोधण्याची सवय नडते. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

लाक्विलापर्यंत

रोमच्या तिबुर्तिना स्थानकाला लागून असलेल्या बस तळावरून लाक्विलाच्या बस सुटतात. पावणेदोन तास धरा. रेल्वेचा नाद सोडा. ती फिरून फिरून जाते आणि गाडी बदलावी लागते. गाडीनं जाणार असाल तर ए-२४ महामार्ग. टोलनाक्यावर शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या पाटीची मार्गिका आपल्या फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांची असते, तिच्यात घुसू नका. शहरात शिरल्यावर ‘झेड टी एल’ ही तीन अक्षरं दिसली की थांबा. तो जुन्या गावठाणाचा गाडीबंदीचा भाग, वर कॅमेरा असतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी थेट घरी येते, वर भाड्याच्या कंपनीचा आकार वेगळा.

गाडी नसली तर? लाक्विला शहर आणि केबल कारनं वरचं पठार, एवढं बसवर नीट जमतं. पायथ्याच्या फोन्ते चेर्रेतोपर्यंत शहर बस जाते. पण डोंगरातल्या गावांना दिवसाला मोजक्याच बस आणि रविवारी त्याहून कमी. चौघं असाल तर निदान तीन दिवस गाडी घ्याच.

पहिला दिवस : लाक्विला

६ एप्रिल २००९ च्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी इथं भूकंप झाला. ३०९ माणसं गेली, जुनं शहर जवळजवळ रिकामं झालं. आज बहुतेक इमारती उभ्या राहिल्यात, काहींवर अजून क्रेन आहेत. ‘भूकंप बघायला’ आलोय अशा नजरेनं फिरू नका. ज्यांच्याकडे तुम्ही कॉफी पिताय त्यांच्या घरातलं कोणीतरी गेलेलं असू शकतं.

सकाळी कोल्लेमाज्जोची बासिलिका बघा. गुलाबी आणि पांढऱ्या दगडांची नक्षी असलेली ती भिंत ऊन तिरपं असताना सर्वांत छान दिसते. २९ ऑगस्ट १२९४ ला इथं पिएत्रो नावाच्या डोंगरात राहणाऱ्या एका वृद्ध संन्याशाला पोपचा मुकुट घातला गेला. तो पोप चेलेस्तिनो पाचवा. डिसेंबरात त्यानं पद सोडलं. त्यानं सुरू केलेला क्षमेचा सोहळा दरवर्षी २८-२९ ऑगस्टला भरतो आणि एरवी बंद असलेला बाजूचा पवित्र दरवाजा उघडतो. २००९ मध्ये चर्चचं छत मधोमध कोसळलं होतं. दुरुस्तीनंतर २०१७ च्या डिसेंबरात ते परत उघडलं. चेलेस्तिनोची समाधी आत आहे. बाहेर आल्यावर समोरच्या हिरवळीवर क्षणभर उभे राहा. फोज्जाला जाणारा मेंढरांचा तो रस्ता इथूनच सुरू व्हायचा.

दुपारी उतार उतरून ९९ तोट्यांच्या कारंज्याकडे जा. काम १२७२ मध्ये सुरू झालेलं. तीन बाजूंच्या भिंतींतून दगडी मुखवटे पाणी ओततात. आजूबाजूच्या ९९ गावांनी मिळून शहर वसवलं, अशी दंतकथा आहे, म्हणून ९९. गावाचं पाणी, गावाच्या बायका आणि लोकर धुणारे, सगळे इथंच असत. संध्याकाळी स्पॅनिश किल्ल्याला बाहेरून फेरी मारा. सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेनं तो बांधला तो शहराचं रक्षण करायला नव्हे, बंड केलेल्या शहराला धाकात ठेवायला.

मुक्काम लाक्विलात दोन रात्री ठेवा, नंतर वर.

दुसरा दिवस : सान्तो स्तेफानो आणि रोक्का कालाशो

गाडीत पत्ता घालताना प्रांताचं नाव तपासा. इटलीत एकाच नावाची गावं ढिगानं आहेत. ‘कास्तेल देल मोन्ते’ टाकलंत तर यंत्र तुम्हाला पुल्यातल्या प्रसिद्ध अष्टकोनी किल्ल्याकडे न्यायला बघेल. या भागातलं त्याच नावाचं मेंढपाळांचं गाव लाक्विलाच्या जिल्ह्यात आहे.

सान्तो स्तेफानो दी सेस्सानियो हे १,२५० मीटरवरचं दगडी गाव. १५७९ मध्ये हा मुलूख फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानं विकत घेतला. एवढ्या आडबाजूला बँकवाल्या घराण्याला काय हवं होतं? इथली काळी, राठ लोकर. भिक्षूंच्या झग्यांना आणि सैनिकांच्या कपड्यांना ती लागायची. वेशीवर मेदिचींचं चिन्ह अजून आहे. गावाचा गोल बुरूज २००९ च्या धक्क्यात पडला होता, तो पुन्हा उभारला आहे. राहण्यासाठी इथं ‘विखुरलेलं हॉटेल’ हा प्रकार मिळतो : स्वागतकक्ष एका घरात, तुमची खोली दोन गल्ल्या पलीकडे, न्याहारी तिसरीकडे. पायऱ्या आणि दगडी उतार खूप, चाकांची मोठी बॅग गाडीतच ठेवा आणि दोन रात्रींपुरती पाठपिशवी वर न्या.

इथून रोक्का कालाशोचा किल्ला गाडीनं गाठता येतो, पण चालत जा. जुन्या वाटेनं पाचेक किलोमीटर, एका बाजूला दीड तास. वाट उघडी आहे, सावली जवळजवळ नाही, म्हणून आठच्या आत निघा. किल्ला साधारण १,४६० मीटरवर : मधे चौकोनी मनोरा, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, सगळं पांढऱ्या चुनखडीचं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो पहिल्यांदा लहानच वाटतो. राजगड-रायगडाच्या हिशेबात ही एक चौकीच. मग नजर खाली जाते आणि कळतं की हे राहण्यासाठी नव्हतंच. खालच्या खोऱ्यातून कोण येतंय, किती मेंढरं चाललीत, हे बघण्यासाठी होतं. १७०३ च्या भूकंपात वरची वस्ती मोडली आणि बरेच लोक खालच्या कालाशो गावात उतरले. किल्ल्यापासून थोडं खाली एकटं उभं असलेलं अष्टकोनी चर्च चुकवू नका.

गाडीनंच यायचं झालं तर गर्दीच्या दिवसांत वरचा रस्ता बंद करून खालून मिनीबस सोडतात. किल्ल्याच्या आवारात जीर्णोद्धाराची कामं चालू असतात, त्यामुळे आत जाता येतंय का हे मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री विचारा.

जेवणाचं

इथल्या जेवणाचा राजा आरोस्तिचीनी : मेंढीच्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे काडीला ओवून, पन्हळीसारख्या अरुंद लांब शेगडीवर भाजतात. वरून मीठ, एवढंच. पठारावर फोन्ते वेतिका नावाची जागा आहे. तिथल्या दुकानातून काड्या विकत घ्यायच्या, बाहेर पेटत्या शेगड्या तयार असतात, आपलं आपण भाजायचं. माणशी दहा काड्या सुरुवातीला पुरतात. निखाऱ्यावर घाई करू नका, पण विसरूही नका. तुकडा एवढा लहान असतो की मिनिटभरात चामडं होतं.

शाकाहाऱ्यांची इथं आबाळ होत नाही, पण विचारून खावं लागतं. सान्तो स्तेफानोचा मसूर आपल्या मसुरापेक्षाही बारीक, काळसर तपकिरी, आधी भिजवावा लागत नाही. त्याचं सूप म्हणजे लसणाची फोडणी दिलेल्या घट्ट आमटीचा चुलतभाऊ. मात्र काही ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात, म्हणून ‘सेंत्सा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं आधी सांगा. मेंढीच्या दुधाचं चीज, पेकोरीनो, सगळीकडे मिळतं. ते विरजायला प्राण्याच्या पोटातला अर्क वापरतात आणि फारिंदोला गावच्या पेकोरीनोत तर तो डुकराचा असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी नवेल्ली पठाराच्या केशराचा पास्ता मागवावा, पण वरून चीज नको असं बजावून. केशराची फुलं ऑक्टोबरात पहाटे खुडतात, त्या दिवसांत गेलात तर शेतं बघा.

गावातली दुकानं दुपारी बंद होतात, जेवणघरं दोननंतर स्वयंपाक आवरतात. सुटे युरो जवळ ठेवा. पेट्रोल लाक्विलातच भरा.

तिसरा दिवस : काम्पो इम्पेरातोरे

वीसहून अधिक किलोमीटर लांब, झाडाचं नाव नाही, चहूबाजूंनी डोंगर. इटालियन लोक याला ‘छोटा तिबेट’ म्हणतात. सान्तो स्तेफानोहून गाडीनं वर चढा आणि पठारभर सावकाश फिरा. घोडे, गायी रस्त्यातच उभ्या असतात. हॉर्न वाजवू नका, त्या निघतात.

वरच्या टोकाला, २,१३० मीटरवर, एक जुनं हॉटेल आहे. पदच्युत मुसोलिनीला १९४३ मध्ये इथं आणून ठेवलं होतं. १२ सप्टेंबरला जर्मन छत्रीधारी सैनिक इंजिन नसलेल्या ग्लायडर विमानांतून या उतारावर उतरले आणि एका चिमुकल्या विमानात बसवून त्याला घेऊन गेले. हॉटेलची डागडुजी बराच काळ रेंगाळली आहे. आत जाता आलं तर नशीब, नाहीतर बाहेर उभं राहून त्या तिरक्या, दगडाळ उतारावर विमान कसं उतरवलं असेल याचा विचार करा. फोन्ते चेर्रेतोहून केबल कारही इथंच येते. ती वाऱ्यामुळे किंवा देखभालीसाठी अचानक बंद असते, तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळी खात्री करून घ्या.

आता कुत्र्यांबद्दल, कारण माझी फजिती शिखरावर नाही, इथंच झाली. कळपाचा फोटो घ्यायला मी रस्ता सोडून शंभर पावलं आत गेलो आणि तीन पांढरेशुभ्र, वासराएवढे कुत्रे भुंकत समोर येऊन उभे राहिले. ही मारेम्मा-आब्रुत्सो जातीची राखण करणारी कुत्री. लांडगा इथं अजून आहे आणि ही कुत्री मेंढरांतच वाढतात. मालक जवळ असेलच असं नाही. आपल्याकडे कुत्रं आलं की खाली वाकून दगड उचलल्यासारखं करतात, ते इथं अजिबात करू नका. पळू नका, काठी उगारू नका. थांबा, शांत आवाजात काहीतरी बोला (मी मराठीतच बोललो), नजर न रोखता हळूहळू मागे सरा आणि कळपाला लांबून वळसा घाला. सायकलवर असाल तर उतरून चाला. कळप आणि तुमच्यामध्ये त्यांना पुरेसं अंतर दिसलं की ती वळतात.

चौथा दिवस : कॉर्नो ग्रांदे, किंवा त्याच्या निम्मं

पठारावरच्या त्या जुन्या हॉटेलच्या अंगणातच तुम्ही कळसूबाईपेक्षा जवळपास पाचशे मीटर उंच असता. तिथून शिखर आणखी ७८० मीटर वर. १९ ऑगस्ट १५७३ ला फ्रान्चेस्को दे मार्की हा लष्करी अभियंता इथं चढला, त्याचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय. आपण त्याच बाजूनं, ‘व्हिया नोर्माले’ म्हणतात त्या नेहमीच्या वाटेनं जायचं.

वाटेच्या खुणा दगडावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या. पाट्यांवर अवघडपणाची अक्षरं असतात : टी म्हणजे सोपी, ई म्हणजे नेहमीच्या चालणाऱ्यांसाठी, ईई म्हणजे अनुभवींसाठी, ईईए म्हणजे दोर-हार्नेस लागणारी. आपली वाट ईई. हॉटेलवरून तिरकं चढत मोन्ते आक्विलाच्या खिंडीत (२,३३५ मीटर), तिथून पुढे ब्रेच्चायोच्या खिंडीत (२,५०६ मीटर) आणि मग शेवटचा घसाऱ्याचा टप्पा. सह्याद्रीचा कातळ घट्ट असतो, हात टाकला की विश्वास बसतो. इथली चुनखडी फुटकी. खडी पायाखालून सरकते आणि वरच्या माणसानं पाडलेला दगड खालच्याच्या डोक्यात येतो. हेल्मेट घाला, एकमेकांच्या थेट खाली थांबू नका. चढायला तीन तास, सगळे मिळून सहा. शिखराच्या कुशीत काल्देरोने नावाची हिमनदी होती; आता तिचे तुकडे झालेत, उन्हाळ्यात ते दगडाखाली लपलेले असतात.

पाणी वाटेत नाही. चुनखडीत सगळं मुरतं. माणशी दोन लिटर खालूनच न्या. सकाळी सातला चालायला लागा आणि दुपारी एकच्या आत खाली वळा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग चढतात, वीज कोसळते आणि या उघड्या धारेवर लपायला जागा नसते. ऑगस्टातही विंडचीटर आणि टोपी सोबत असू द्या. अडचणीत ११२. डोंगरी बचाव दलाचं जिओरेस्क्यू हे ॲप फोनवर आधीच उतरवून ठेवा, त्यातून तुमचं ठिकाण थेट कळतं.

गुडघे कुरकुरत असतील, मुलं सोबत असतील, किंवा घसारा आवडत नसेल, तर दूका देल्यी आब्रुत्सी या २,३८८ मीटरवरच्या डोंगरी निवाऱ्यापर्यंत जा. तासाभराची चढण, आणि कॉर्नो ग्रांदे समोर अख्खं दिसतं. शिखरावरून ते शिखर दिसत नाही, हेही खरंच.

पाचवा दिवस : बोमिनाको आणि सांग्रो

उतरताना बोमिनाकोला थांबा. सान पेल्लेग्रिनोची बाहेरून गोदामासारखी दिसणारी प्रार्थनाखोली, आत भिंतीपासून छतापर्यंत १२६३ ची चित्रं. त्यात बारा महिन्यांचं कॅलेंडरही रंगवलंय. चावी गावातल्या माणसाकडे असते. आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. मी न विचारता गेलो आणि पहिल्या खेपेला दाराचाच फोटो काढून परतलो.

मग पोपोलीवरून महामार्ग धरून अॅड्रियाटिकच्या किनाऱ्याकडे, पुढे दक्षिणेला व्हाल दी सांग्रो या फाट्यापर्यंत. दोनेक तास. तोरिनो दी सांग्रो गावाबाहेर, ऑलिव्हच्या मळ्यांत, राष्ट्रकुल युद्धस्मशान आहे. (नुसतं ‘तोरिनो’ टाकलंत तर गाडी आल्प्सला निघेल.) नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदी ओलांडून आठवी भारतीय डिव्हिजन इथल्या टेकड्यांवर लढली. त्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. थडग्यांच्या रांगांसोबत इथं एक वेगळं स्मारक आहे, ज्यांचं दहन झालं त्या पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांच्या नावांचं. याच मोहिमेत पुढे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणींतल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे १० जुलै १९४४ ला वर उंब्रियात, तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले. तिथल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक २०२३ मध्ये उभारलं आहे. तुमची वाट पुढे पेरुजाकडे असेल तर तेही घ्या.

स्मशानात नोंदवही असते. घरातल्या किंवा गावातल्या कोणाचं नाव शोधायचं असेल तर पलटण आणि सैनिक क्रमांक घरूनच लिहून आणा, कारण नावं इंग्रजी स्पेलिंगात आहेत आणि त्या काळच्या कारकुनानं ती कशी लिहिली असतील याचा नेम नाही. फुलं वाटेत मिळत नाहीत, ती किनाऱ्यावरच्या पेस्कारा शहरातून घ्या. गाडीही तिथंच परत करता आली तर रोमला जायला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत.